विहीणबाईंना पणजोबा बघायचे होते

साखरपुड्याचं जेवण लिमाला विहीणबाईंच्या घरी होतं आणि तिथे मी तोंड उघडलं, हीच मूळ चूक. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. माझा नवरा विल्फ्रेदो मुकाट्याने मासे खात होता. आमची हिमेना आणि तिचा रेन्सो टेबलाखाली एकमेकांचे हात धरून बसले होते, आणि आम्हाला ते दिसत नाहीत असं त्यांना वाटत होतं. विहीणबाई, म्हणजे ओलिंदा सोलारी, भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट दाखवून सांगत होत्या, की हे आमचे आजेसासरे, जेनोआहून बोटीने आले, आणि आता त्यांच्या नावाची गल्ली आहे इथे.

"लहानशीच आहे हो गल्ली," त्या म्हणाल्या. "पण आहे."

ते 'पण आहे' मला झोंबलं. आम्ही डोंगराकडची, आरेकिपाची माणसं राजधानीतल्या, लिमाच्या माणसाचा तोरा एक वेळ सहन करू, पण नम्रपणा नाही. मी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "आमच्या पणजोबांचं चित्र म्युझियममध्ये आहे."

विल्फ्रेदोला ठसका लागला. हिमेना माझ्याकडे बघायला लागली.

"अगं बाई! कोणत्या म्युझियममध्ये?" विहीणबाईंनी विचारलं.

"मोठ्या," मी म्हणाले.

आता, हे खोटं नव्हतं. निदान मी तरी ते खोटं म्हणून बोलले नव्हते. माझे वडील सणासुदीला दोन घोट घेतले की म्हणायचे, "चिरिनोस घराण्यातल्या तुमच्या पणजोबांचं चित्र टांगलेलं आहे या गावात, विसरू नका." कुठे टांगलंय, कुणी टांगलं, हे आम्ही कुणी विचारलं नाही. अभिमानाची गोष्ट उगाच विचारून का बिघडवायची? आणि जाऊन बघायचा तर प्रश्नच नव्हता. चौकामागच्या गल्लीत माझं लोकरीचं दुकान आहे. सगळा जन्म मी परदेशी पाहुण्यांना म्युझियमचा रस्ता सांगत आले: पुढे जा, कमानीखालून उजवीकडे, पांढरी इमारत. आमच्याकडे सगळ्याच इमारती पांढऱ्या, पण ते पोचायचे. मी स्वतः कधी गेले नाही. आपल्याच गावचं म्युझियम बघायला जायचं म्हणजे आपल्याच घराची बेल वाजवून आत जाण्यासारखं. शाळेतून एकदा नेलं होतं, तेव्हाचं मला फक्त डब्यातला चीजचा पाव आठवतो.

जेवणानंतर लग्न कुठे करायचं हा विषय निघाला. मला लग्न आरेकिपातच हवं होतं. मुलगी एकदा लिमाला गेली की गेली, निदान निघताना तरी तिने आमच्या दारातून निघावं. विहीणबाईंचं म्हणणं, त्यांच्याकडचे नातेवाईक म्हातारे आहेत, त्यांना उंचीवरची हवा सोसत नाही, आणि तुमच्याकडे सारखी जमीन हलते. (जशी लिमात हलतच नाही!) शेवटी त्या म्हणाल्या, "असं करू, मी एकदा एका दिवसासाठी येऊन जाते. गाव बघते, हॉल बघते, पणजोबा बघते. मग ठरवू."

परतीच्या बसमध्ये विल्फ्रेदोने डोळ्यांवर टोपी ओढली आणि टोपीखालूनच म्हणाला, "देल्फिना, हॉल तर मिळेल. पणजोबांचं काय?"

*

विहीणबाई सकाळच्या विमानाने आल्या. पांढरी पँट, काळा चष्मा, आणि पायात असे सँडल, की आमच्या दगडी गल्ल्या त्यांना दुपारपर्यंत वठणीवर आणणार हे मला बघताक्षणी कळलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

माझा बेत पक्का होता. आधी टेकडीवरच्या कमानींतून ज्वालामुखी दाखवायचा. मग चौक. मग दुपारचं जेवण इतकं जड द्यायचं, की माणूस उठून उभा राहिला तरी पुष्कळ. मग हॉल, आणि मग विमानतळ. पणजोबांची आठवण झालीच तर 'अगं बाई, वेळच उरला नाही हो!'

विहीणबाई गाडीत बसल्या, काच खाली केली, आमच्या मिस्ती ज्वालामुखीकडे एकदा बघितलं, "छान आहे," म्हणाल्या, आणि पुढच्याच श्वासात, "चला, आधी पणजोबा."

"आधी टेकडीवर जाऊ ना, तिथून डोंगर..."

"डोंगर इथूनही दिसतोय की. कुठे जातोय तो!"

विल्फ्रेदोने आरशातून माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तो इतका खूश मी फार क्वचित पाहिलाय. "कुठे घेऊ गाडी?" त्याने अगदी भोळेपणाने विचारलं.

"मठात," मी म्हणाले. का म्हणाले देव जाणे. मठ सगळ्यात मोठा होता आणि मी 'मोठ्या' असं म्हणून बसले होते, एवढंच.

आमचा जोगिणींचा मठ म्हणजे गावाच्या पोटातलं दुसरं गाव आहे. आत रस्ते आहेत, रस्त्यांना नावं आहेत, लाल भिंती, निळ्या भिंती, कुंड्या, चुली, कपडे धुवायच्या जागा. दारात एक मुलगी म्हणाली, "माहिती सांगायला माणूस हवा का?" मी म्हणाले, "आम्ही इथल्याच आहोत." आणि आत शिरून पहिल्याच वळणावर चुकले.

"ही त्यांची स्वयंपाकघरं," मी विहीणबाईंना सांगत होते. "आणि ही... ही पण स्वयंपाकघरं. त्या फार खायच्या."

"आणि पणजोबा?"

"पुढे आहेत."

पुढे चित्रं होती. एका लांब दालनात ओळीने टांगलेली, आणि प्रत्येक चित्रात एकेक जोगीण, डोळे मिटलेली, डोक्यावर फुलांचा मुकुट. विहीणबाई एकेका चित्रासमोर थांबत गेल्या. दालनाच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"देल्फिनाबाई, हा बायकांचा मठ आहे ना?"

"हो तर."

"इथे पुरुषांना यायला बंदी होती ना?"

"कडक."

"मग तुमचे पणजोबा इथे कसे?"

"ते... लाकूडफाटा पोचवायचे," मी म्हणाले.

विहीणबाई नुसतं "अच्छा" म्हणाल्या. ते 'पण आहे'सारखंच लागलं. त्यानंतर बाहेर पडायचा दरवाजा शोधण्यात आम्ही त्याच विहिरीपाशी इतक्यांदा आलो, की शेवटी तिथे झाडू मारणारी बाई आमच्याकडे बघून मान हलवायला लागली, जसं शेजारणीकडे बघून हलवतात. विहीणबाई लंगडत होत्या. शेवटी त्यांनीच एका जपानी टोळक्याच्या मागे लागून आम्हाला रस्त्यावर आणलं.

"आता?" त्या म्हणाल्या.

मी समोर बघितलं. चौकापलीकडे ते दुसरं म्युझियम होतं, ज्याचा रस्ता मी दुकानाच्या दारातून सगळ्यात जास्त वेळा सांगितला असेल. "आठवलं!" मी म्हणाले. "तिथे हलवलंय त्यांना."

हे मात्र सरळ सरळ खोटं होतं. त्या म्युझियममध्ये बर्फातली मुलगी आहे. तिथे कुणाच्या पणजोबांचं काही काम नाही.

*

तिथे बोलत नाहीत. अंधार असतो, थंडी असते, आणि दालनामागून दालन करत शेवटी काचेच्या पेटीपाशी पोचायचं. पेटीत ती मुलगी बसलेली आहे. पाचशे वर्षांपूर्वी डोंगरावर बर्फ पडावं की थांबावं, पाऊस यावा की जावा, कशासाठी तरी तिला पार शिखरावर चालवत नेलं आणि डोंगराला देऊन टाकलं. बर्फात राहिली म्हणून तशीच राहिली. गुडघे पोटाशी, हात मांडीवर. केस विंचरलेले.

मी मनात पुढच्या थापेची जुळवाजुळव करत होते. म्हणायचं, की पणजोबांचं चित्र डागडुजीला गेलंय. लोक असं म्हणतात हे मी कुठेतरी ऐकलं होतं. विहीणबाईंकडे वळले तर त्या पेटीसमोर नुसत्या उभ्या होत्या. पर्स छातीशी धरलेली.

"किती वर्षांची असेल?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाराएक. फार तर पंधरा."

"तिच्या आईला विचारलं असेल का हो कुणी?"

माझ्या डोळ्यांसमोर एकदम आमची हिमेना आली. तिची वेणी मी घालायचे, रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, घाईघाईने ओढून. ती ओरडायची. आता ती अठ्ठावीस वर्षांची आहे, तिला कुणी डोंगरावर नेत नाहीये, चांगली नोकरी आहे, होणारा नवरा देखणा आहे, घराला लिफ्ट आहे. तरी मी त्या अंधारात उभी राहून मुसमुसून रडले. पहारेकरी जवळ आला आणि कुजबुजला, "बाई, इथे उलटीबिलटी होईलसं वाटत असेल तर बाहेर बाक आहे."

बाहेर बाकावर विहीणबाईंनी मला रुमाल दिला. मी म्हणाले, "आत फार गारठा आहे, माझ्या डोळ्यांना सोसत नाही." 

"हो ना," त्या म्हणाल्या. "माझ्याही." आणि नाक शिंकरलं.

खरं म्हणजे तेव्हाच मी त्यांना सांगून टाकायला हवं होतं, की बाई, मला पणजोबांचा ठावठिकाणा माहीत नाही. शब्द ओठांवर आले होते. पण तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमचे पणजोबा इथेही दिसले नाहीत मला," आणि त्या बोलण्यात इतका थोडासा, मिठाच्या कणाएवढा खट्याळपणा होता, की माझ्या डोक्यात बर्फ चढलं. आमच्याकडे डोंगरावर बर्फ पडलं की माणसं कारण नसताना तिरसटतात. त्या दिवशी डोंगरावर बर्फ नव्हतं, पण मला ते लागत नाही.

"जेवून घेऊ," मी म्हणाले. "मग दाखवते."

*

जेवायला आम्ही आमच्या नेहमीच्या खाणावळीत गेलो. अंगणात लांब बाकं, धूर, पाट्यावर काहीतरी वाटण्याचा आवाज, आणि मोठ्या पेल्यात चिचा, म्हणजे मक्याची जांभळी दारू. विल्फ्रेदो आधीच येऊन बसला होता. विहीणबाईंनी भरलेल्या रोकोतो मिरचीचा पहिला घास घेतला आणि त्यांच्या तोंडाचा रंग बदलला.

"पाणी देऊ?" मी गोड आवाजात विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या, डोळे पुसले, आणि सगळी मिरची संपवली. वर दुसरी मागवली. मला त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला होता, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

"मग, सापडले का आमचे पणजेसासरे?" विल्फ्रेदोने पेला भरत विचारलं.

"शोध चालू आहे," विहीणबाई म्हणाल्या. "पहिल्या ठिकाणी लाकूडफाटा पोचवत होते, दुसऱ्या ठिकाणाहून बदली झालीय."

विल्फ्रेदो इतका हसला की चिचा नाकातून आली. मग त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "पेर्पेतुआ आत्याला विचार. तिला माहीत असणार."

पेर्पेतुआ माझी सख्खी आत्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, कानांनी अधू, त्यामुळे फोनवर ओरडून बोलते. मी उठून बाजूला जायच्या आत तिचा आवाज अख्ख्या अंगणात घुमला.

"कुणाचं चित्र? माझ्या मेल्चोर आजोबांचं? तुला कशाला हवंय ते?"

"आत्या, पाहुण्यांना दाखवायचंय."

"पाहुण्यांना?" आत्याचा आवाज आणखी चढला. "अगं कार्टे, असलं काही पाहुण्यांना दाखवतात का?"

"का गं? कुठे आहे ते?"

तिने एका देवळाचं नाव सांगितलं. ते नाव मी इथे सांगत नाही, कारण तिथल्या पाद्रीबाबांनी नंतर मला तशी विनंती केली. नदीपलीकडच्या वस्तीतलं लहानसं देऊळ आहे, मागे एका खोलीचं म्युझियम आहे. "पण जाऊ नकोस!" आत्या ओरडली. "तुझा बाप पण एकदाच गेला होता!"

मी फोन ठेवला. खाणावळीतली सगळी बाकं माझ्याकडे बघत होती.

"देऊळ बंद असतं दुपारी," मी म्हणाले.

"चला," विहीणबाई पर्स उचलून म्हणाल्या. त्यांनी सँडल काढून हातात घेतले होते.

*

देऊळ बंद नव्हतं. चावीवाली बाई, सेनोव्हिया तिचं नाव, खोलीच्या दारात बसून वाटाणे सोलत होती. तिने आम्हाला आत सोडलं आणि परत वाटाण्यांकडे वळली. खोलीत मेणबत्त्यांचा वास होता. जुने झगे, चांदीचे दिवे, एका पायाने अधू असा संताचा पुतळा, आणि भिंतीवर बिशपांची चित्रं.

माझा जीव भांड्यात पडला. बिशपांच्या पलीकडे कोपऱ्यात एका सभ्य गृहस्थाचं चित्र होतं. पांढरी दाढी, हातात पुस्तक. मी तिकडे हात केला. "हेच ते!"

विहीणबाईंनी वाकून खालची पाटी वाचली. "हे जर्मन वनस्पतितज्ज्ञ आहेत."

मी दुसऱ्या चित्राकडे वळले. विल्फ्रेदो वाटाणे सोलायला सेनोव्हियाच्या शेजारी जाऊन बसला होता, पण त्याचे कान आमच्याकडे होते. आणि तेवढ्यात मागून विहीणबाईंचा आवाज आला. मोठा नाही. दबका, देवळात येतो तसा.

"अगं बाई गं. देल्फिनाबाई, इकडे या."

मागच्या भिंतीवर येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र होतं, भिंत व्यापून टाकणारं. कुणा गावच्याच चित्रकाराचं असणार, कारण टेबलावर आमचीच आकड्यासारखी वळलेली कोळंबी होती, आमच्याच मिरच्या होत्या, आणि बारा शिष्यांचे चेहरे असे होते की आठवडी बाजारात कुणीही भेटावेत. येशू मधे. आणि टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, सगळ्यांपासून जरा सुटा, मुठीत पैशांची थैली आवळून, मान वळवून सरळ आपल्याकडे बघणारा, यहूदा. येशूला दगा देणारा.

त्याला माझं नाक होतं.

माझं नाक कसं आहे हे सांगायला हवं. ते वरून सरळ निघतं, मध्यावर त्याचा विचार बदलतो, ते डावीकडे वळतं आणि शेवटी लोंबतं. माझ्या वडिलांचं तसं होतं, आत्याचं आहे, हिमेनाचं थोडं सौम्य आहे, देवाची कृपा. असं नाक चित्रकाराला मनाने सुचत नाही. ते समोर बसलेलं असावं लागतं.

"हा संत बार्थोलोम्यू असेल," मी म्हणाले.

"थैली आहे हातात," विहीणबाई म्हणाल्या.

"वाणसामान आणायचं काम असेल त्याच्याकडे."

"देल्फिनाबाई, जरा मान वळवता का? डावीकडे. अशी. अजून थोडी."

मी का वळवली मला माहीत नाही. माणूस एकदा खाली पडला की लोळायलाही लागतो. सेनोव्हिया वाटाण्यांचं सुपडं घेऊन उठली, चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि छातीवर क्रूस काढला.

"बाईसाहेब, तुम्ही यांच्यातल्या का?" तिने अतिशय आदराने विचारलं.

विल्फ्रेदो दाराला टेकला आणि हळूहळू खाली बसला. त्याच्या तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसते खांदे हलत होते. आणि विहीणबाई, जेनोआवाल्या, गल्लीवाल्या, लिमाच्या मोठ्या घरच्या, त्या चित्राखाली अनवाणी उभ्या राहून अशा हसल्या, अशा हसल्या, की त्यांना संताच्या पायाचा आधार घ्यावा लागला. अधू पायाचा. तो निखळून त्यांच्या हातात आला.

पाय परत बसवण्यात थोडा वेळ गेला. पाद्रीबाबांची विनंती त्याबद्दलची आहे.

*

तिथून आम्ही तडक आत्याकडे गेलो. ती दारातच उभी होती, जणू वाटच बघत होती. विहीणबाईंच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"सांगितलं होतं जाऊ नकोस म्हणून," ती मला म्हणाली, आणि मग विहीणबाईंना, "बसा. ही पोर लहानपणापासून अशीच. मी हिच्या आईला म्हणायचे, हिला तोंडाला झाकण लावा."

"आत्या, पणजोबांनी काय केलं होतं?"

"खेचर विकलं होतं," आत्या म्हणाली. "चित्रकाराला. माझ्या आजोबांचा तोच धंदा, खेचरं विकायचा. तो चित्रकार गरीब, देवळादेवळांतून कामं करत हिंडायचा, त्याला सामान वाहायला जनावर हवं होतं. आजोबांनी त्याला जनावर दिलं, सुंदर, तुकतुकीत. आठ दिवसांत मेलं ते, भर रस्त्यात, पाठीवरच्या सगळ्या रंगांसकट दरीत गेलं. म्हातारं होतं. वय कळू नये म्हणून दातांना कानस लावली होती आणि केसांना बुटाचं पॉलिश."

"मग?"

"मग काय! चित्रकार परत आला. भांडला नाही, तंडला नाही. म्हणाला, मेल्चोर, देवळासाठी चित्र काढतोय, तुझा चेहरा भारदस्त आहे, बसशील का? आजोबा रविवारचे कपडे घालून बसायला गेले. त्यांना वाटलं, संत पीटर होणार आपण."

विहीणबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"चित्र उघडलं तेव्हा सगळी वस्ती हजर. आज्जी म्हणायची, तिला वाटलं जमीन हलावी, एरवी सारखी हलते मेली, पण त्या दिवशी नाही हलली." आत्याने श्वास घेतला. "लोकांना वाटलं आजोबा आता गाव सोडणार. छे! दुसऱ्या रविवारपासून हे चित्राखालच्या बाकावर जाऊन बसायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, बघा, या वस्तीत कितीतरी भले लोक आहेत, त्यांतल्या कुणाचं चित्र आहे का? माझं आहे."

मग विल्फ्रेदो म्हणाला, "आता मला सगळं कळलं. मी इतकी वर्षं कुणाशी संसार करतोय ते."

मला राग यायला हवा होता. मी तो शोधत होते आणि तो येत नव्हता. आत्याने बडीशेपेच्या दारूची बाटली काढली, लहान पेले काढले, आणि संध्याकाळ होत आली तरी आम्ही तिथेच बसलो होतो. हॉल बघायचा राहिला तो राहिलाच.

विमानतळावर जाताना मी गाडीत पुढे बसले होते. म्हटलं, झालं. पांढऱ्या दगडाचं गाव दाखवायचं होतं, त्याऐवजी दगाबाज पूर्वज दाखवला. आता लग्न लिमाला, त्या करड्या आभाळाखाली, आणि आम्ही पाहुण्यांसारखे कोपऱ्यातल्या टेबलावर. विहीणबाई मागे बसून फोनमध्ये काहीतरी खुडबुड करत होत्या.

"मी फोटो पाठवलाय," त्या मध्येच म्हणाल्या.

"कसला?"

"तुमचा आणि त्यांचा. मान वळवलेला."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

मी मागे वळले. त्यांचा फोन हातात थरथरत होता, उत्तरावर उत्तर येत होतं. त्यांनी तो माझ्या पुढ्यात धरला. सोलारी घराण्यातल्या कुणी काका, कुणी मावशी, कुणी चुलतभाऊ, कधी न बघितलेली माणसं, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं: हे खरं आहे का? हे बघायला मिळेल का? कुणीतरी लिहिलं होतं, उंचीचं काय, गोळी घेऊन येऊ.

"माझ्या नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली," विहीणबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "त्याच्यानंतर आमच्या या फोनवर नुसते दवाखान्याचे निरोप असतात. कोण पडलं, कुणाच्या साखरेचं काय झालं. आज पहिल्यांदाच..." मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "लग्न इथेच करू. त्याच देवळात. मात्र पाद्रीबाबांशी तुम्ही बोला, माझी तिथे जायची हिंमत नाही."

"अहो, पण शोभा होईल आमची!"

"झालीच आहे की," त्या म्हणाल्या. "आता अजून काय व्हायची राहिलीय?"

विल्फ्रेदोने गाडी थांबवली, सामान काढलं. आत जाताना विहीणबाईंनी माझा दंड धरला.

"मुलीची काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तिला कुणी काही न विचारता कुठे नेणार नाही."

मी मान हलवली. आणि त्या सरकत्या दरवाजातून दिसेनाशा झाल्यावर मग रडले, भर उजेडात, गारठ्याचं निमित्त न करता.

लग्न ऑगस्टमध्ये झालं. सोलारींकडून इतकी माणसं आली की आमच्याच माणसांना देवळात उभं राहावं लागलं. पाद्रीबाबांनी मागच्या खोलीला कुलूप घालायचं ठरवलं होतं, पण मागणी इतकी होती की शेवटी सेनोव्हियाला दार उघडावं लागलं. लिमाच्या ऐंशी वर्षांच्या मावश्या माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहायच्या, फोटोवाला म्हणायचा, "बाई, मान जरा डावीकडे," आणि मी नव्या जांभळ्या पोशाखात मान वळवायचे. हिमेना लाजून दूर उभी होती, तर रेन्सोने तिलाही ओढून आणलं. एका म्हाताऱ्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की त्यांच्या ओळखीत एकाला खेचर घ्यायचंय, आमच्याकडे अजून कुणी त्या धंद्यात आहे का?

मी म्हणाले, चौकशी करून सांगते.